मध्य, मध्यक आणि मूर्तिजापूर

आई गेली त्या वर्षी मी नववीच्या एका अख्ख्या वर्गाला चुकीचं गणित शिकवलं, आणि पंधरा दिवस मला ते कुणीही सांगितलं नाही.

मी अमरावतीला राहते आणि अकोल्याच्या एका मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. रोजचं अप-डाऊन. सकाळी ऑटोनं बडनेऱ्याला यायचं, तिथून पॅसेंजर पकडायची, संध्याकाळी तसंच उलट. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, भाऊ नागपूरला स्थायिक झाला, आणि रुक्मिणीनगरच्या दोन खोल्यांत आई आणि मी अशी बरीच वर्षं निघाली. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. तरी संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच ती विचारायची, "आज काय शिकवलं?" मी सांगायची. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण विचारल्याशिवाय ती चहा टाकत नसे.

तिचं तेरावं आटोपलं, भाऊ-वहिनी परत गेले आणि दुसऱ्याच दिवशी मी शाळेत हजर झाले. मुख्याध्यापक म्हणाले, आठवडाभर आणखी थांबा. पण घरी थांबून करायचं काय, हे मला सुचत नव्हतं.

नववीला सांख्यिकी चालू होती. मध्य, मध्यक आणि बहुलक. ज्यांनी हे शिकून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. सगळ्या संख्यांची बेरीज करून जितक्या संख्या तितक्यांनी भागलं की येतो तो मध्य, म्हणजे आपली सरासरी. संख्या चढत्या क्रमाने मांडल्या की बरोबर मधोमध जी येते तो मध्यक. आता ऐकणाऱ्याला वाटणार की मधोमध येतो तो मध्य. शब्दच तसा आहे. म्हणून दरवर्षी मी हा धडा सुरू करताना पहिली दहा मिनिटं यावरच घालवायची, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायची, चार मुलांना उभं करून वदवून घ्यायची. त्या वर्षी मी स्वतःच उलटं लिहिलं. मधोमध येतो तो मध्य, सरासरी म्हणजे मध्यक. दोन दिवस तेच शिकवलं, उदाहरणं सोडवून दिली, गृहपाठावर सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. मी पेपर घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर तपासायला बसले. पहिला प्रश्न सोपा होता: तीन, पाच, सहा, आठ, अठरा या संख्यांचा मध्य आणि मध्यक काढा. बेरीज चाळीस, म्हणून मध्य आठ. मधली संख्या सहा, म्हणून मध्यक सहा. पहिल्या पेपरात मध्य सहा आणि मध्यक आठ होतं. मी लाल पेनानं फुली मारली. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. अकरा पेपरांवर फुल्या मारून झाल्या तेव्हा कुठे माझा हात थांबला. वर्गातल्या हुशार मुलीचा पेपर होता तो. ही मुलगी असं लिहिणार नाही, असं मनात आलं, आणि मग हळूहळू बाकीचं लक्षात आलं. एका मुलीची वही माझ्याकडे राहिली होती, ती उघडून पाहिली. फळ्यावरचं माझंच वाक्य तिनं सुबक अक्षरात उतरवलेलं होतं, खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं, "मध्य आणि मध्यक मी तुम्हाला उलटं शिकवलं. चूक माझी आहे. पहिल्या प्रश्नाचे पूर्ण गुण सगळ्यांना मिळतील. आता नीट लिहून घ्या."

वर्गात कुणी आश्चर्य दाखवलं नाही. पहिल्या बाकावरची ती हुशार मुलगी मान खाली घालून वहीचं पान आधीच उघडून बसली होती.

मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं का?"

"हो मॅडम. आमाले सगळ्याईले मालूम होतं. पुस्तकात उलटं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

तिनं वहीच्या पानाचा कोपरा दुमडला. मग म्हणाली, "तुमची आई वारली होती ना मॅडम."

बेचाळीस पोरांनी आपसात ठरवून, मला दुखवायचं नाही म्हणून, परीक्षेतसुद्धा माझीच चूक लिहिली होती. मी फळ्याकडे वळले आणि खडूचा तुकडा शोधण्यात जरा जास्तच वेळ लावला. मुलांची माया होती ती, हे कळत होतं. पण त्या पंधरा दिवसांत मी बोलत होते आणि समोरचे सगळे मला सांभाळून घेत होते, हे मनातून जाईना. स्टाफरूममध्येही तसंच होतं. मी आले की हसणं थांबायचं. कुणी माझ्याशी वाद घालत नव्हतं, माझा तास कुणी मागत नव्हतं. घरी तर बोलायलाच कुणी नव्हतं. म्हणजे चूक करायला मी पूर्ण मोकळी होते.

त्याच आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घेतली आणि गाडीत बसून त्यात शब्द लिहायला सुरुवात केली. एकमेकांत मिसळणारे शब्द. वस्तुमान आणि वजन. चाल आणि वेग. परिवलन आणि परिभ्रमण. यातलं पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं कोणतं आणि सूर्याभोवती फिरणं कोणतं, हे अर्धा वर्ग वर्षभर चुकतो. परावर्तन आणि अपवर्तन. शिवाय एकाच शब्दाचे दोन अर्थ. अपूर्णांकात वरचा तो अंश, आणि कोन मोजायचा तोही अंश. बहुपदीची कोटी, म्हणजे तिच्यातला सर्वांत मोठा घातांक, विचारली तर एका मुलानं लिहिलं होतं, तीन कोटी. प्रत्येक शब्दापुढे मी तो कसा चुकतो आणि कसा समजवायचा ते लिहायची. पुन्हा चूक होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंतचा वेळ कशात तरी घालवायचा होता.

मूर्तिजापूरला एक बाई चढायच्या. साधारण माझ्याच वयाच्या, डोक्यावर पांढरी ओढणी, खांद्याला कापडी पिशवी. वर्षभर आम्ही समोरासमोर बसत होतो आणि मान हलवण्यापलीकडे बोललो नव्हतो. एक दिवस त्यांनी विचारलं, "बाई, रोज रोज काय लिहून राहिल्या तुमी त्या वहीत?"

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून परावर्तन-अपवर्तनाचं पान वाचलं आणि हसायला लागल्या. "आमच्याकडं बी हाच लफडा आहे," त्या म्हणाल्या. त्या अकोल्याच्या एका उर्दू शाळेत विज्ञान-गणितच शिकवत होत्या. "आमचं इनइकास आणि इनइताफ. प्रकाश परत फिरला तर इनइकास, वाकला तर इनइताफ. लिहिताना बी सारखे दिसतात. पोरं घाईत काय लिहितात ते मले समजत नाही, मंग मी पोरांचं तोंड पाहून मार्क देते."

मी किती दिवसांनी हसले ते मला आठवत नाही, पण जबडा दुखल्यासारखा झाला हे आठवतं.

मी त्यांना आपा म्हणू लागले. त्या मला बाईच म्हणत. आपांनी वहीच्या मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली, कारण त्यांची लिपी उजवीकडून. अपूर्णांकातल्या छेदाला उर्दूत नसबनुमा म्हणतात, आणि होकायंत्राला कुतुबनुमा. त्यांच्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं की अपूर्णांकात खाली होकायंत्र असतं. तो पेपर त्यांनी जपून ठेवला होता. विकिरण या शब्दावर तर आमचे चार दिवस गेले. आमच्या मराठी पुस्तकात विकिरण म्हणजे प्रकाशाचं विखुरणं, ज्यामुळे आकाश निळं दिसतं. आपांच्या नातेवाइकांची मुलं हिंदी माध्यमात होती, त्यांच्या पुस्तकात विकिरण म्हणजे किरणोत्सर्गाच्या अंगानं जाणारी वेगळीच गोष्ट, जिला आम्ही प्रारण म्हणतो. "एकाच गावातली पोरं," आपा म्हणाल्या, "एकाच शब्दानं एकाले निळं आभाळ दिसते आणि एकाले एक्स-रे."

मध्य-मध्यकाचं प्रकरण मी त्यांना बरंच उशिरा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरांनी तुमच्यावर मेहरबानी केली. राग आला तुमाले?"

"राग नाही आला."

"मंग?"

"मी वर्गात असून नव्हते, हे त्यांना दिसत होतं. मला दिसलं नव्हतं."

आपांनी यावर उगाच धीर देणारं काही म्हटलं नाही. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "आमच्या घरी अकरा माणसं आहेत. सासू, दीर, जावा, पोरं, सुना. मले पाच मिनिटं चूप बसाची जागा म्हंजे ही गाडी."

"आणि मला बोलायची," मी म्हटलं.

मग आम्ही एक ठरवून टाकलं. मूर्तिजापूर ते काटेपूर्णा बोलायचं नाही. आपा डोळे मिटून बसायच्या, मी पेपर तपासायची. काटेपूर्णा आलं की बोलायचं, ते थेट अकोल्यापर्यंत. दोन-अडीच वर्षं हे असं चाललं. एकमेकींच्या घरी आम्ही कधी गेलो नाही. विषय निघाला नाही असं नाही, आपा एकदा म्हणाल्या होत्या की ईदला या, मी हो म्हटलं होतं, आणि त्या दिवशी मी पूर्ण दिवस घरीच बसून राहिले. कोणत्या नात्यानं जायचं ते मला ठरवता आलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वही आपांकडे होती. त्यांना त्यांची पानं पूर्ण करायची होती. जूनच्या शेवटी शाळा उघडल्या. पहिल्या दिवशी मी समोरच्या जागेवर पिशवी ठेवली. माना स्टेशनला एकानं विचारलं, "इथं कोनी आहे का?" मी म्हटलं, "येणार आहेत." मूर्तिजापूर आलं, बंद पडलेल्या शकुंतला गाडीच्या जुन्या रुळांवर वाढलेलं गवत मागे गेलं, गाडी सुटली. आपा आल्या नाहीत. पहिले दोन दिवस कुणी येतच नाही, असं म्हणून सोडून दिलं. आठवडा झाला. फोन लावला तर नंबर बंद. दुसरा आठवडाही गेला. मी पिशवी ठेवतच होते. रोजचे प्रवासी आता विचारत नव्हते. ते पिशवीकडे बघायचे आणि उभे राहायचे. तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारा उभा असलेला पाहिला आणि मी पिशवी मांडीवर घेतली.

वही परत आणायची आहे, असं कारण मी तयार केलं आणि एका रविवारी मूर्तिजापूरला उतरले. पत्ता म्हणून मला एवढंच ठाऊक होतं की स्टेशनच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ. टाकीखालच्या किराणा दुकानात मी आपांचं नाव सांगितलं आणि विचारलं, उर्दू शाळेच्या मॅडम कुठे राहतात.

"गनितवाल्या ना? निळा दरवाजा," दुकानदार म्हणाला.

निळ्या दरवाजात एक वृद्ध गृहस्थ होते. मी अकोल्याच्या शाळेतली आहे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या अगत्यानं आत नेलं, पंखा लावला. "बसा बेटा, नमाज पढून राहिली, आत्ता येते." पाणी आलं, मग रूहअफजा आलं. मी पदर सारखा करून बसले. आपांना बघून आधी काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. रागवायचं की नाही, तेही ठरत नव्हतं. पडदा बाजूला झाला आणि तिशीतली एक सडपातळ मुलगी बाहेर आली. ती मला ओळखत नव्हती. मी तिला ओळखत नव्हते.

मी उठून उभी राहिले आणि आपांचं नाव पुन्हा सांगितलं. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

"तुमी शीनवाल्या मॅडमकडं आल्या. मी सीनवाली," ती म्हणाली. तिच्या आणि आपांच्या नावात स आणि श एवढाच फरक होता. उर्दूतली सीन आणि शीन ही दोन्ही अक्षरं सारखीच, शीनवर तीन ठिपके जास्त. ती प्राथमिक शाळेत गणितच शिकवत होती. "त्यांचं टपाल माझ्याकडं येते, माझं त्यांच्याकडं. चला, मी घर दाखवते."

चौथं घर. अंगणात सायकली, दोरीवर ओळीनं कपडे, दारात लहान मुलांच्या चपलांचा ढीग. सून बाहेर आली, कडेवर मूल. सीनवाल्या मॅडमनं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की अम्मी बुऱ्हानपूरला आहेत. तिथल्या नणंदेचं बाळंतपण कठीण गेलं, बाळ-बाळंतीण दोघांची तब्येत नाजूक, म्हणून अम्मीनं मे महिन्यातच नोकरी सोडायचा अर्ज दिला आणि गेल्या. फोन घरातच राहिला तो पोरांनी पाडून फोडला.

मग तिनं मला विचारलं, "कोन आल्या होत्या म्हनून सांगू?"

माझं नाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"गाडीतल्या बाई," मी म्हटलं.

"कोनत्या गाडीतल्या?"

अडीच वर्षांत आपांनी घरी माझा विषय एकदाही काढला नव्हता. सुनेच्या मागून तीन-चार मुलं माझ्याकडे बघत होती, आतून कुणीतरी हाक मारत होतं, कुकरची शिट्टी झाली, एका म्हाताऱ्या आवाजानं विचारलं, कोण आलं आहे, आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, अम्मीच्या शाळेतलं कोणीतरी. मी वहीबद्दल विचारलंच नाही. सीनवाल्या मॅडमनं माझा नंबर एका कागदावर लिहून सुनेच्या हातात दिला. मला स्टेशनपर्यंत सोडायला ती स्वतः आली. वाटेत म्हणाली, "येत जा मॅडम, मी बी रविवारी घरीच असते." चांगली मुलगी होती. मी हो म्हटलं. पुन्हा गेले नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून मला आधी वाईट वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला. मी तरी कुणाला आपांबद्दल सांगितलं होतं? भावाला फोनवर सांगता आलं असतं. स्टाफरूममध्ये सांगता आलं असतं. आपांना घरात पाच मिनिटांची जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती गाडी घरात नेली नाही. माझ्या घरात जागाच जागा होती, आणि तरी मीही नेली नव्हती. कदाचित दोघींच्या न सांगण्याचं कारण वेगळं असेल. मला अजून नक्की सांगता येत नाही.

गणपती उठल्यावर एका रविवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"बाई, मी बोलून राहिले."

मी खुर्ची ओढून बसेपर्यंत त्यांनी पुढे सुरुवातही केली. "सुनेनं फोनवर सांगितलं, कोनी गाडीतल्या बाई आल्या होत्या. घरातले सगळे मले विचारून राहिले, कोन बाई, कोन बाई. मी म्हटलं, माझ्या आहेत त्या."

"कळवायचं तरी होतं आपा."

"कळवाचं होतं. रोज म्हनत होती, आज सुनेले सांगून नंबर शोधाले लावते. मंग वाटे, तुमच्याबद्दल काय सांगू तिले? गाडीत संगं चूप बसतो, हे सांगितलं तर हसतील."

बाळ आता बरं होतं. मुलगीही हिंडूफिरू लागली होती. थोरली नात इंग्रजी शाळेत होती आणि तिचा अभ्यास आपांकडे होता. "न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर," आपा म्हणाल्या. "पोरगी रोज खालचं वर करते. मी उर्दूत सांगितलं तं म्हनते, नानी, तुमचं चुकते." वही त्यांच्या ट्रंकेत होती. पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं, असू द्या, तुमची पानं राहिली आहेत ना अजून.

"परत येनार का मूर्तिजापूरले?" मी विचारलं. मी त्यांच्याशी बोलताना त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते, हे मला तेव्हा जाणवलं.

"नोकरी तं गेली. आता गाडीत काहून बसू?" त्या म्हणाल्या. मग मागे बाळ रडलं, कुणीतरी अम्मी म्हणून हाक मारली, आणि त्या "ठेवते बाई" म्हणाल्या. चार-पाच मिनिटं बोलणं झालं असेल. तेव्हापासून दोनदा फोन आला आहे. दोन्ही वेळा असाच मध्ये तुटला.

फोन ठेवून मी गॅलरीत कपडे काढायला गेले. शेजारच्या गॅलरीत जोशीण काकू, म्हणजे मी त्यांना काकू म्हणते, वयानं माझ्याहून फार मोठ्या नाहीत, मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे रविवारी दुपारी फोन येत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

"कोणाचा फोन होता?"

"मैत्रिणीचा," मी म्हटलं.

"अमरावतीतल्या?"

"नाही. बुऱ्हानपूरच्या."

काकू मेथीची जुडी उचलून आत गेल्या. मी कपडे घेऊन खोलीत आले आणि पलंगावर बसून घड्या घातल्या. एका माणसाचे कपडे होते, दहा मिनिटंही लागली नाहीत.